मंडपातली भाकरी

गाव सोडलं तेव्हा आई एसटीच्या खिडकीशी उभी राहून पाण्याची बाटली आत सारत होती. आमच्याच विहिरीचं पाणी. "वाटेत कुणाच्याही हातचं पिऊ नको," म्हणाली. ते मी पुढे बरीच वर्षं पाळलं. गावाकडच्यांना त्यात नवल वाटणार नाही. ठाण्या-कल्याणात माझ्यासोबत काम केलेल्यांना वाटेल, कारण इकडे गेटसभेत समतेवर मीच बोलायचो.

कोलशेतच्या कारखान्यात लागलो, युनियनचा सेक्रेटरी झालो. पगारवाढीसाठी संप केला तेव्हा गेटसमोरच्या मंडपात सगळ्यांचं जेवण एकत्र शिजायचं. कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या बायकाही आमच्यासोबत उतरल्या होत्या. त्यांची पुढारी सुगंधाताई आमच्याच गावची, खालच्या बौद्धवाडीतली. तिने परात ओढून पीठ मळायला घेतलं आणि आमच्यातले काहीजण घरून डबे आणायला लागले. कुणी उघड बोललं नाही. "पोट बरं नाही," एवढंच.

मी तिला बाजूला घेतलं. "ताई, करार होईस्तोवर तुम्ही भांड्यांचं बघा. आधी पगाराचं मिटू दे. आता हा विषय काढला तर एकी फुटेल."

"फुटायची राहिलीय होय?" ती म्हणाली. "आणि लोकांचं नाव कशाला पुढे करतोस रे? तू पण कालपासून चहावरच आहेस."

खरं होतं. भाकरी माझ्याही घशाखाली उतरत नव्हती. हे तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या नाहीत. कंत्राटदार त्यांना कामावर बोलावत होता. त्या गेल्या असत्या तर संप तिथेच बसला असता. मी शहाडला तिची खोली शोधत गेलो. तिने तांब्या पुढे केला, मी प्यायलो. गावात तिचं घर आमच्या अंगणातून दिसतं, पण तिथे कधी पाणी प्यायलो नव्हतो.

"पाणी पिऊन उपकार केल्यासारखं तोंड करू नको," ती म्हणाली. "मंडपात सगळ्यांदेखत जेव. आणि आम्हाला कायम करायची मागणी पगाराच्या बरोबरीनं लाव, खाली तळाला नको."

तिच्या हातची भाकरी घेऊन मी माईकवर गेलो. चहावर का होतो ते सांगितलं आणि तिथेच उभ्यानं खाल्ली. काही जण उठून गेले ते परत आलेच नाहीत. बाकीचे पंगतीला बसले.

बायका कायम झाल्या. आमची पगारवाढ त्यापायी मागितली त्याहून कमी मिळाली. "आपल्या घरच्यांचं काढून वाटलंस," असं कारखान्यातले जुने सोबती अजून ऐकवतात. ऐकून घेतो. आयुष्यात ताठ मानेनं सांगावं असं माझ्याजवळ तेवढंच आहे, आणि ते मला पुरतं.

आता गावी गेलो की आधी खालच्या वाडीत सुगंधाताईच्या आईकडे चहा घेतो, मग वर आमच्या घरी. पहिल्यांदा आईनं दार अर्धंच उघडलं होतं. गेल्या खेपेला मी थेट वर गेलो, तर बॅगही घेतली नाही हातातून.

"तिकडे जाऊन आला नाहीस?" म्हणाली. "म्हातारी सकाळपासून वाट बघतेय. जा आधी."