स्कूटरचे दहा किलोमीटर

माझी बायको वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पळू लागली. कारण विचारले तर ती म्हणते, कारण असे काही नव्हते. आंदर मावळातल्या एका गावात ती प्राथमिक शाळेत शिकवते. बस फाट्यापर्यंतच जाते, पुढचे तीन किलोमीटर चालावे लागतात. एके दिवशी उशीर झाला म्हणून तिने ते पळत काढले. बांधावर बसलेल्या एका आबांनी विचारले, "बाई, मागं कुत्रं लागलं काय?"

"न्हाई आबा, शाळेची घंटा."

दुसऱ्या दिवशीही ती पळाली तेव्हा आबा म्हणाले, "आज बी घंटा? तुमची शाळा लय कडक दिसतीय."

हे तिने सांगितलेले, मी तिथे नव्हतो. यापुढच्या बहुतेक गोष्टींना मी हजर होतो.

मी तळेगावच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. काम मोजमापाचे. दर सहा महिन्यांनी तपासून तारखेची चिठ्ठी लावल्याशिवाय मोजमापाचे कोणतेही साधन मी कोणाच्या हातात देत नाही. त्यामुळे बायकोने शर्यतीत पळायचे ठरवल्यावर आकड्यांची बाजू आपोआप माझ्याकडे आली. तिला मनगटावर घड्याळ सहन होत नाही आणि फोन घेऊन पळणे आवडत नाही. दर रविवारी सकाळी सहाला ती निघायची आणि मी स्कूटरवर मागे. डिकीत पाणी, लिंबू-साखर-मीठ आणि एक टॉवेल. प्रत्येक किलोमीटरला पुढे जाऊन थांबायचे आणि ती जवळ आली की वेळ सांगायची, एवढेच माझे काम. रस्ता मी स्कूटरच्या मीटरवर मोजून ठेवला होता. पाच किलोमीटरला एका पोल्ट्रीचे फाटक लागे, तिथून परत फिरले की दहा. हे दहा किलोमीटर तिला ऐंशी मिनिटे लागत, म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटे.

शर्यत लोणावळ्याची, हिवाळ्यातली, एकवीस किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटरची. मुदत तीन तास. तीन तासांनंतर वेळ नोंदवणारी पट्टी गुंडाळतात. मग पदक नाही आणि यादीत नावही नाही.

मागच्या वर्षी मी तिला सांगितले होते की आठ मिनिटांचा वेग सोडू नकोस, दोन तास एकोणपन्नास मिनिटांत येशील. दहाच्या पाटीला ती आली तेव्हा चार मिनिटे उशीर झाला होता. मी तो मोठ्याने सांगितला. ती घाबरली आणि उशीर भरून काढायला जोर लावत गेली. सतराव्या किलोमीटरला तिचे पाय गेले. ती पोहोचली तेव्हा तीन तास चार मिनिटे झाली होती आणि पट्टी गुंडाळून टेम्पोत ठेवली होती.

त्यानंतर वर्षभर आमच्या घरात कारण ठरून गेले होते की शेवटी हिचा दम पुरत नाही. तिने लांबच्या पळण्याचा सराव वाढवला. वेग मात्र आठ मिनिटांचाच राहिला. यंदा जमले नाही तर पळणे बंद, असे तिने मला एकदाच सांगितले, आणि ती एकदा सांगते ते पुरेसे असते.

यंदाच्या शर्यतीच्या आधीच्या बुधवारी मला सुट्टी होती, म्हणून मी लोणावळ्याला जाऊन मार्ग पाहून आलो. आयोजकांनी रस्त्यावर पिवळ्या रंगाने किलोमीटर लिहिले होते. दहाच्या आकड्यापाशी माझे मीटर साडेदहा दाखवत होते. आयोजकांची चूक सापडली म्हणून मला बरे वाटले आणि मी ती लिहून घेतली. तरी खात्री असावी म्हणून परतताना जुन्या हायवेवरचे किलोमीटरचे दगड मोजत आलो. दहा दगडांना साडेदहा. दगडही चुकले म्हणायची माझी तयारी होती, पण सगळे सारखेच कसे चुकतील? मी सरळ गॅरेजवर गेलो.

गॅरेजवाला उठलाही नाही. "पुढचा टायर बारका हाय ना साहेब. दीड वर्षामागं तुमच्या मापाचा नव्हता. तुमीच म्हणलात, जो हाय तो टाक, रविवारी सकाळी गाडी पायजे."

"मग मीटर जास्त दाखवणार?"

"दाखवणारच की! चाक बारकं, फेरे जास्त. तुमी एवढे मापवाले, म्हणलं तुमाला म्हाईत असंल."

घरी येऊन कागदावर मांडले. तिचे दहा किलोमीटर खरे साडेनऊच्या आसपास होते. वेग आठ मिनिटांचा नव्हता, आठ मिनिटे चोवीस सेकंदांचा होता. म्हणजे यंदाची वेळ दोन एकोणपन्नास नाही, दोन सत्तावन्न. अकरा मिनिटांची सवड पावणेतीन मिनिटांवर आली. आणि मागच्या वर्षी दहाच्या पाटीला जी चार मिनिटे उशिराची म्हणून मी ओरडून सांगितली, तो उशीर नव्हताच. ती तिच्या नेहमीच्या वेगाने अगदी वेळेवर आली होती.

न सांगणे शक्य होते. ती रविवारी माझ्या आकड्यांवर निर्धास्त पळाली असती, कदाचित बरीही पळाली असती. संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी कागद तिच्यासमोर ठेवला आणि सगळे क्रमाने सांगितले.

"म्हणजे मागच्या वर्षी दहाला मी वेळेवर होते?"

"होय."

"आणि मला वाटलं, आज काही खरं नाही आपलं." तिने चार काड्या निवडल्या. "वन्संसमोर तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

वन्सं म्हणजे माझी बहीण. "हिचं वय झालं आता, असं म्हणालो."

"आठवतंय तर." मी उठणार तेवढ्यात तिने विचारले, "मग आता तीन मिनिटं हातात?"

"पावणेतीन."

"पावणेतीन म्हणे," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या माझ्यापुढे सरकवल्या. "टाकून या."

रविवारी मी भुशीच्या रस्त्यावर सोळाच्या पिवळ्या आकड्यापाशी उभा राहिलो. मक्याच्या टपऱ्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. हिशेबाप्रमाणे ती दोन तास चौदा मिनिटांनी यायला हवी होती. ती दोन तास पंधरा मिनिटे दहा सेकंदांनी आली. वेळ सांगायची की नाही, हे मी ठरवले नव्हते. तिनेच विचारले, "किती?"

"पाच किलोमीटर साडेसत्त्याण्णव मीटर. चव्वेचाळीस मिनिटं पन्नास सेकंद."

"स्कूटरचे?"

"रस्त्याचे."

ती अर्धा ग्लास पाणी प्यायली, अर्धे तिने मानेवर ओतले आणि त्याच वेगाने पुढे गेली. तिने घाई केली नाही, हे मी नीट पाहिले.

मी मधल्या वाटेने शेवटाला पोहोचलो. पट्टी गुंडाळणारा माणूस खुर्चीत बसून चहा पीत होता. ती दोन तास अठ्ठावन्न मिनिटे सव्वीस सेकंदांनी पट्टीवरून गेली. कोणीतरी तिच्या गळ्यात पदक घातले. ते हातात धरून ती कडेला फूटपाथवर बसली. मी टॉवेल दिला.

"मागच्या वर्षीही झालं असतं का हो?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होते. गुरुवारी सकाळी मी त्याचा हिशेब दोन प्रकारे केला होता आणि दोन उत्तरे आली होती. दोन्ही तिला सांगितली. ती घाबरली नसती, एका वेगाने गेली असती, तर दोन सत्तावन्न. पण तेव्हा लांबचा सराव कमी होता, पाय तसेही गेले असते असे धरले, तर तीन तास एक मिनिट. कोणते खरे, हे कोणत्याही मापाने आता कळणार नाही.

"पहिलं धरा," ती म्हणाली आणि बुटाची नाडी सोडू लागली.