तांब्याचं वळं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी डब्यातली भाजी कशी झाली होती तेही सांगते. इथेही पुरतं सांगून होईल का, ठाऊक नाही.

गिरगावात फणसवाडीतल्या सिल्व्हिया मॅडमच्या वर्कशॉपमध्ये मी आणि सुजाता लॅटेक्सचे कपडे करायचो. स्टेज शोला घालतात तसे, अंगाला चिकटून बसणारे. रबरच ते. आतून पावडर मारून, तान्ह्या बाळाला झबलं घालावं तसं हळूहळू चढवायचं. तेल लागलं की खराब, ऊन लागलं की खराब. आणि पांढऱ्याला तांबं-पितळ अगदी वर्ज्य. नुसतं हाताला लागलेलं असलं तरी दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग उमटतो, तो काही केल्या जात नाही. म्हणून आल्या आल्या हात धुवायचे, अंगठ्या काढून डबीत ठेवायच्या.

माझ्या बोटात तांब्याचं वळं असायचं. सासूबाईंनी दिलेलं, उष्णतेवर. रोज काढायचे. त्या दिवशी — काय सांगू? बोट सुजलं होतं, वळं निघेना. साबण लावायचा कंटाळा केला, वरून हातमोजा चढवला. मग सुजाता आणि मी एका गायिकेला पांढरा गाऊन घालून बघताना खांद्याशी पकड मिळेना, तेव्हा तो हातमोजाही काढला.

दुसऱ्या दिवशी खांद्यावर बोटांचे डाग. शो त्याच संध्याकाळी.

"काल तांब्या-पितळेला हात लावून कोण आलेलं?" मॅडमनी एवढंच विचारलं.

आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. सुजाता परळच्या चाळीतली. घरातली पितळी बुद्धमूर्ती चिंचेने घासून, मग कामावर आली होती. तिनेच सांगितलं ते. खरं बोलायची खोड तिला. माझा हात ओढणीखाली होता.

तिचं काम तिथल्या तिथे गेलं. जिना उतरताना तिने मला विचारलं, "एवढे हात धुतले होते गं मी. तरी राहिलं असेल?"

आणि मी म्हणाले, "राहतं कधीकधी."

मॅडमसमोर घाबरले, असं म्हणता येईल. पण जिन्यात आमच्या दोघींशिवाय कोण होतं? तिथे का नाही तोंड उघडलं? वळं त्या रात्री साबणाने सहज निघालं.

सुजाता आता दादरला फॉल-पिको करते. अजून मैत्रीण आहे माझी, हीच तर पंचाईत. घरची मूर्ती आता तिचा भाऊ घासतो, ती हात लावत नाही. परवा नणंदेचा शालू घेऊन तिच्याकडे गेले. मी पिशवीतून काढून पुढे केला, तशी ती मागे सरकली.

"थांब, हात धुऊन येते. माझे हात वाईट गं," म्हणाली, हसत.

मी शालू धरून उभी राहिले. आत नळ बराच वेळ चालू होता.