प्रस्तावना कोण लिहितं?

“आईंना जरा उभं करा. सगळ्यांना दिसू द्या.”

अध्यक्षस्थानी बसलेले सर माइकवर म्हणाले आणि मागच्या रांगेतली माझी आई उभी राहिली. पदर सावरत. टाळ्या पडल्या. कशाच्या, ते तिला कळेना. मला कळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

औरंगाबादेतल्या एका कॉलेजात साहित्याचं चर्चासत्र होतं. मी समाजशास्त्र शिकवते. साहित्यिक आणि विचारवंत हा माझ्या अभ्यासाचा विषय. कोण लिहितं, कोण छापतं, कोण कोणाला मोठं म्हणतं. आमच्या माणसांची, दलितांची आत्मकथनं आली, तेव्हा त्यांना प्रस्तावना कोणी लिहिल्या, यावर मी निबंध आणला होता. ग्रंथालयांची धूळ खाऊन केलेलं काम. पुस्तक आमच्या माणसाचं, आणि त्याच्या आधी बोलणार हे सवर्ण प्राध्यापक. भाषा ओबडधोबड पण सच्ची, असं प्रमाणपत्र देणार. प्रत्येक वेळी तेच.

त्यांतल्या बऱ्याच प्रस्तावना याच सरांच्या. त्यांनी मला एम.ए.ला शिकवलेलं. त्यांनीच आखलेल्या कार्यक्रमात बाकीच्यांचं निबंधवाचन होतं. माझं अनुभवकथन.

“निबंध राहू दे गं,” सर मला म्हणाले. माइक चालूच. “आई वैजापूरच्या मोंढ्यात कांदे निवडायची ना? ते सांग. काळजाला भिडतं.”

डॉक्टरेट माझ्याकडेही होती. त्यांना माझ्याकडून फक्त भूक हवी होती. चहाच्या आधी थोडं गहिवरायला.

आई अजून उभीच. बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

“आई, तू बस,” मी माइकवरून म्हणाले. “सर, तिचं तिला वाटलं तर ती सांगेल. मी निबंध वाचायला आलेय.”

आणि वाचला. सरांनी घंटी वाजवली. मी वाचत राहिले. परत वाजवली. शेवटचं पान संपेपर्यंत मी थांबले नाही.

बाहेर चहाच्या टेबलापाशी आई हळूच म्हणाली, “मला वाटलं, खुर्ची सोडाय सांगायलेत.”

मी कप टेबलावर ठेवला. वैजापूर सोडून इतकी वर्षं इथं मुकुंदवाडीच्या एका खोलीत राहून हिनं मला शिकवलं, आणि मी तिला इथं प्रदर्शनाला आणून ठेवलं होतं त्यांच्यासाठी.

तेवढ्यात सर आले. पाठीवर हात ठेवला.

“चिडकी आहेस. पण लिहितेस छान. ओबडधोबड, पण सच्चं. याचं पुस्तक कर. प्रस्तावना मी लिहितो.”

या माणसानं एक शब्द ऐकला नव्हता. समोर बसून, घंटी हातात धरून, एक शब्दसुद्धा नाही.

“प्रस्तावना नको, सर,” मी म्हणाले. “त्यात एक अख्खं प्रकरण तुमच्यावर असणार आहे.”

पाठीवरचा हात निघाला.

पुस्तक लिहितेय. पहिलं वाक्य माझं असेल, शेवटचंही माझंच. आईच्या कांद्यांबद्दल त्यात एक ओळ सापडणार नाही. कोणाला गहिवरायचंच असेल, तर त्यानं स्वतःवरचं प्रकरण वाचावं.