साडूभाऊंचा पासवर्ड

आमच्या साडूभाऊंइतका संशयी माणूस हिंगोली जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका भोळाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. नव्वदच्या दशकात त्यांच्या सहकारी बँकेत संगणक आले, तेव्हा बाकीच्यांनी त्यांना हार घातले आणि ह्यांनी खोलीला कुलूप. पुढे ते तिथले संगणक सुरक्षा अधिकारीच झाले. पासवर्ड टाकताना कीबोर्डवर पंचा पसरायचे आणि समोरच्याला "जरा भिंतीकडं पाहा" म्हणायचे. एकदा बँकेचे अध्यक्षही निमूटपणे भिंतीकडे बघत उभे राहिलेले मी पाहिले आहेत. पेन ड्राइव्ह दिसला की विंचू दिसल्यासारखे मागे सरत. आणि हेच गृहस्थ डोंगरकडा गावातल्या आपल्या घराला साधी कडी लावत नसत. एकदा शेजाऱ्यांचे पाहुणे चुकून ह्यांच्या घरात शिरले, जेवले, मुक्काम करून गेले. ह्यांना वाटले बायकोच्या माहेरचे असतील, आणि माझ्या मेहुणीला वाटले ह्यांच्याकडचे.

मग एकदा विद्यापीठातून मानसशास्त्राची एक संशोधक मुलगी आली. संगणकांची राखण करणारी माणसे स्वतः यंत्रांशी आणि घरीदारी कशी वागतात, हा तिचा अभ्यास. तिला साडूभाऊंशी एकांतात बोलायचे होते. पण मॅनेजर साहेब कौतुकाने खुर्ची ओढून बसले, आणि त्या दिवशी बँकेत गेलेला मीही नात्याचा हक्क म्हणून बसलो.

"नाव काहून सांगू?" साडूभाऊंनी आधी तिचीच उलटतपासणी घेतली.

"नाव नकोच आहे, काका."

"हे बराबर!" ते खूश झाले आणि घडाघडा उत्तरे देऊ लागले. मग तिने विचारले, "पासवर्ड घरी कोणाला माहीत आहे?"

"ह्यांचा? ब्रह्मदेवालाबी न्हाई!" मॅनेजर हसले.

साडूभाऊंनी मात्र मॅनेजरांकडे पाहिले. खरे बोलावे तर खुर्ची जाणार, हे मला दिसत होते. मुलीलाही दिसले असावे. "हा प्रश्न सोडला तरी चालेल, काका," ती हळूच म्हणाली.

"काहून सोडायचा? तू एवढी तकलीफ घेऊन आली, अन् मी तुला खोटं सांगू? माहीत हाय. बायकोला. रोज गाडीवर ये-जा करतो मी. रस्त्यात मला काही झालं, तर दुसऱ्या दिवशी लोकांचं काम कसं होईल?"

त्याच संध्याकाळी संगणकाच्या खोलीची किल्ली गेली आणि साडूभाऊ पासबुक छापायच्या खिडकीवर आले. त्यांच्या जागी मी असतो तर धडधडीत खोटे बोललो असतो, आणि तिचा अभ्यास माझ्याच लायकीचा झाला असता.

पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते बाहेर गेले होते. मी त्यांचे कौतुक करत होतो, आणि मेहुणी भाकरी थापता थापता थांबली. "दर सोमवारी पासवर्ड बदलला की हे इथं माझ्यापाशी येऊन बसायचे, दाजी. कानात सांगायचे. मला त्यातलं काही कळायचं न्हाई. पण कानात सांगायचे."

"आता तर पासवर्डच राहिला नाही," मी म्हणालो.

"आताबी सोमवारी येतात," ती म्हणाली. "बसतात जरा. मग भाजी काय केली विचारतात, अन् उठून जातात."