म्हैस कोणाच्या नावावर

रोह्यापासून निडीपर्यंत म्हशीशी माझ्या धाकट्या काकीएवढं बोलणारी आणि नवऱ्याशी तिच्याएवढं कमी बोलणारी बाई दुसरी निघायची नाही. भांडण म्हणाल तर काही नाही. काकांना जे सांगायचं ते ती गोठ्यात उभी राहून म्हशीला सांगायची, एवढंच. वैरण टाकता टाकता, तेल संपलंय गो, असं मोठ्यानं म्हणायची, आणि ओटीवरचे काका निमूटपणे पिशवी शोधायला लागायचे. पाहुणा आला की आधी म्हशीला पेंड, मग पाहुण्याला चहा. माझ्या लग्नाला पेणला आली, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आत एसटीला निघालीसुद्धा. आई हात धरून विनवत होती, तर म्हणाली, "नवरी गुणाची हाय, पण सांजेला मी नसले तर म्हस पान्हा चोरंल." त्याचा राग आईनं चांगली पाच वर्षं धरला.

काका धाटावला कंपनीत शिफ्टला सायकलनं जात. एकदा काकी माहेरी गेलेली बघून त्यांनी तिच्या तीन शेळ्या परस्पर विकल्या आणि घरात पंखा आणला. तिनं वाढवलेल्या शेळ्या, पण तिला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. काकी परत आली, पंखा बघितला, आणि सबंध उन्हाळा त्याच्याखाली बसली नाही. आता काकांच्या डोक्यात मोटारसायकल शिरली होती. कोलाडचा एक व्यापारी दोनदा येऊन म्हशीचे दात बघून गेला, तेव्हापासून काकीला अन्न गोड लागेना.

तेवढ्यात जनावरांना टोचायला आणि कानात बिल्ले मारायला गावात डॉक्टर आले. अक्षर बरं म्हणून मालकांची नावं लिहायला मला बसवलं. यापुढे ज्याचं नाव त्याच्या सही-अंगठ्याशिवाय जनावर विकायचं नाही, असं डॉक्टर प्रत्येकाला बजावत होते. काकी म्हैस घेऊन आली, आणि मी शहाण्यानं कोणालाही न विचारता काकांचं नाव लिहून टाकलं. काका शेजारीच खुशीत उभे होते.

काकीनं दावं त्यांच्या हातात दिलं. "मालकानं धरावं," म्हणाली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. डॉक्टरांच्या हातातला चिमटा बघून म्हैस जी उसळली, ती दाव्याला लोंबकळणाऱ्या काकांना घेऊन वालाच्या शेतात. चपला एकीकडे, टोपी दुसरीकडे. गाव पोट धरधरून हसलं. काकी तेवढी हसली नाही. तिनं लांबूनच, ये गो, म्हटलं. म्हैस आली आणि गरिबासारखी कान देऊन उभी राहिली.

काका माती झटकत आले. म्हशीकडे बघत मला म्हणाले, "खोड ते. तिचं लिव." मोटारसायकल पुढं कधी आलीच नाही, काका सायकलवरच निवृत्त झाले.

मी खोडलं, पेन टेकवलं आणि थांबलो. लहानपणापासून तिच्या हातचं दूध प्यालो, पण काकीचं नाव मला ठाऊक नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी लग्नात ठेवलेलं नाव सांगितलं, तशी काकी पुढं झाली.

"ते नाय. चांगुणा लिव. माझ्या आयनं ठेवलेलं."

मी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून अक्षरांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, जरा वाच रे मोठ्यानं. मी वाचलं. काकीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला तिच्या नावानं हाक मारली ती मी तेवढीच.