फटी दिसायलाच हव्यात

ए, फोन नीट कानाला लाव जरा. भाची असलीस म्हणून काहीही बोलशील? माझ्या भिंतीचा फोटो मोबाइलवर पाहिलास आणि जळगावहून फोन करून म्हणालीस काय, तर "मावशी, छान आहे, पण फटी फार दिसतात."

अगं, दिसायलाच केल्यात त्या!

शेजारच्यांनी गच्चीवरचं चायना मोझॅक उखडलं, तेव्हा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा ढीग मी मागून आणला. आमच्या धुळ्यात उन्हासाठी गच्चीवर ते तुकडे बसवतात, आणि मधल्या फटीही पांढऱ्याच भरतात. सगळं एकसारखं दिसावं म्हणून. माझ्याकडच्या तुकड्यांचा रंग एकच, पांढरा. मग चित्र काढायचं कशानं? फटींनीच. तुझ्या आजोळचं कापसाचं शेत आठव. उन्हाळ्यात काळी जमीन अशी फाटायची की माझी चप्पल आत जायची. मधे एक मोठी रुंद भेग, तिला फुटलेल्या बारीक भेगा. तसेच तुकडे मी दारापुढच्या कंपाउंडच्या भिंतीवर चिकटवले, फटी सोडत सोडत.

घरात कुणाला पटेल तर शपथ. नातीचा साखरपुडा जवळ आलेला. मुलगा म्हणाला, "आई, पाहुणे काय म्हणतील? हे बरं नाही दिसलं तर सोमवारी वरून ग्रॅनाइट लावून घेतो." साखरपुड्याआधी घराच्या कामाला लावलेला मिस्तरीही त्याच्याच बाजूचा. "अक्का, पांढरं सिमेंट भरी द्या ना, बठ्ठं झाकाई जाई."

"सगळं झाकायचंच होतं तर मांडलं कशाला?" मी म्हटलं.

सिमेंटात काळा ऑक्साइड, म्हणजे रंगाची पूड, घातला, आणि रुंद फटींसाठी बारीक चाळलेली वाळू. वाळू नसली की वाळताना तडकतं. आधी एका कुंडीवर करून पाहिलं, ती वाया घालवून शिकलेय ते. मग रबरी पट्टीनं भिंतभर लेप दिला. फटी भरायच्या तर तुकडेही माखतातच. नेमका तेव्हाच मुलगा घरी आला.

"आई! भिंतीला काळं फासलंस?"

"बठ्ठं काळं करी टाकं अक्कानी," मिस्तरीनं तेल ओतलं.

मुलगा पाइप घेऊन धावला. तेव्हा धुतलं असतं तर फटीतला ओला माल वाहून गेला असता, आणि सोमवारी ग्रॅनाइट. मी अंगणातल्या नळापुढे जाऊन बसले, चावीवर हात ठेवून. "नळ सोडायचा तर आधी मला उचल," म्हटलं. माझं वजन त्याला ठाऊक आहे.

लेपाची ओली चमक जाईस्तोवर हलले नाही. मग पिळलेला स्पंज घेतला. तो फटीवरून तिरका फिरवायचा. फटीच्या रेषेत फिरवला तर माल उकरून काढतो. एकेक तुकडा पांढरा होत वर आला आणि मधून शेत फाटत गेलं. सून चहा घेऊन आलेली, तशीच ट्रे धरून उभी राहिली.

मुलानं पाइप गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "फटी दिसतात गं आई."

"दिसू दे."

तो मिस्तरीकडे वळला. "इथं कुणाला स्कूटर टेकवू देऊ नका."

ग्रॅनाइट स्वयंपाकाच्या ओट्याला लागला. साखरपुड्याचे फोटो भिंतीपुढेच निघाले.

आता तू फोटो पाहून निकाल देऊ नकोस. ती मोठी भेग खालून वरपर्यंत बोटानं चाचप, मग बोल. जळगावहून धुळे लांब नाही. येत्या रविवारीच ये, आणि तुझ्या आईलाही आण. तिचीही चप्पल अडकलीय त्या शेतात.