समुद्रावरच्या बाईचा कडू घास

आमच्या चर्चच्या मंडळीने एकदा अशा बाईसाठी गुडघे टेकून प्रार्थना केली, जी जन्मालाच आली नव्हती. त्यात माझा हात किती आणि माझ्या आईचा किती, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. आई म्हणते, तू वाचलंस. मी म्हणते, तू सांगितलंस.

झालं असं. पप्पा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी पुण्याहून लॅपटॉप उचलला आणि देवळाली प्रवराला येऊन बसले. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: वाचायचं नाही, वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आई निवृत्त शिक्षिका. तिला वाचू नको म्हणणं म्हणजे म्हशीला डुंबू नको म्हणणं. काळा चष्मा लावून ती खाटेवर बसायची आणि तशा डोळ्यांनीही मला घरातली जळमटं दाखवायची. शेवटी दुपारची जेवणं झाली की मी तिला एक इंग्रजी कादंबरी मराठीत सांगत वाचून दाखवायला लागले. तेवढा वेळ तरी ही गप्प बसेल, एवढाच माझा हेतू. पण आई गप्प बसेल तर शपथ.

कादंबरी होती समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईची. तिचा नवरा पाण्यात उतरला तो परत आलाच नाही. बाई बेटावर एकटी राहते, डब्यातलं गार अन्न खाते, कुणाशी बोलत नाही. रोज संध्याकाळी होडी घेऊन जाते, आणि होडीच्या खाली काहीतरी भलंमोठं येऊन थांबतं. ते काय आहे, हे काही केल्या कळत नाही.

"मुळा धरणाएवढं पाणी असेल का गं?" आई विचारायची.

"जास्त."

"आणि ते जनावर खातं काय?"

"लिहिलेलं नाही."

"म्हणजे लिहिणाऱ्यानं कधी जनावर पाळलेलं नाही."

एकदा आईसमोर वाचण्यासारखं नव्हतं असं काहीतरी आलं, तर मी हळूच पान उलटलं. आई लगेच म्हणाली, "दोन पानं उलटलीस. काय झालं तिथे?"

"काही नाही. वारा सुटला."

"वाऱ्याला दोन पानं लागली?"

अशी सगळी थट्टा चालायची. पण एक गोष्ट मात्र तिच्या मनातून जाईना. "हिला कडू घास कुणी भरवला?" असं ती दोन-तीनदा तरी म्हणाली.

आमच्या गल्लीत, मग घर ख्रिस्ती असो की हिंदू, मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारणी भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि घरच्या माणसाला पहिला घास आपल्या हाताने भरवतात. तो कडू घास. पप्पा गेले तेव्हा शेजारच्या मावशीने तो आईच्या तोंडापाशी नेला होता. आईने तोंड फिरवलं, उठून गॅस पेटवला आणि जमलेल्या सगळ्यांना चहा केला. "मला भरवायला मी काय तान्ही आहे?" म्हणाली. गल्लीभर त्याची चर्चा झाली.

त्यानंतर ती रविवारी देवळात उपासनेला जायची, भाजीवालीशी घासाघीस करायची, सगळं करायची. फक्त पप्पांचं नाव घ्यायची नाही. दुसऱ्या कुणी काढलं, तर हिला एकदम कुकरची शिट्टी आठवायची. रडली तर अजिबात नाही. मला तिची भीती वाटायची. हे तिला आतून पोखरणार, असं वाटायचं. आणि रागही यायचा, की निदान माझ्याजवळ तरी रड.

तर मावशी. ही आमच्या महिला मंडळाची पुढारी. एका सकाळी तिने कुंपणावरून विचारलं, "गुरुवारच्या घरप्रार्थनेला काही विनंती हाय का गं?"

"आहे," आई म्हणाली. "एक बाई आहे. समुद्रावर असते. नवरा गेला. घरात एकटीच. कुणाला काही सांगत नाही."

मी डोळे मोठे करून आईकडे पाहिलं. तिने काळा चष्मा सारखा केला. त्यामुळे ती चेष्टा करतेय की काय, ते मला काही दिसलं नाही.

"अगं बाई. तुमच्या वळखीतली?"

"रोज दुपारी हीच तिची खुशाली सांगते मला," आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

झालं. मावशी रोज मला गाठायची. मी खरं सांगायला हवं होतं, पण सांगतंय कोण, मजा यायला लागली होती.

"काल कशी हुती?"

"बरी होती. ते जनावर आलं होतं परत."

"चावलं न्हाई ना?"

"नाही, नुसतं होडीखाली थांबलं."

"माया लागली आसंल. आमची गाय बी आशीच थांबती." मग जरा जवळ येऊन, "वय काय म्हनलीस तिचं? न्हाई, केडगावला माझ्या चुलतदिराचं पोरगं हाय. बायकू वारली. लई गरीब सोभावाचं. अन् मासे खातं."

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी कमालच केली. "माशाच्या पोटातून माणूस सुखरूप बाहेर काढणाऱ्या प्रभू, समुद्रावरच्या आमच्या दुःखी बहिणीला सांभाळ," म्हणाले, "आणि त्या प्राण्यालाही सुबुद्धी दे." मंडळी आमेन म्हणाली. मी रुमालात तोंड खुपसलं. मावशीला वाटलं मी रडतेय, तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आई ताठ बसली होती.

सोमवारी मला एका दिवसासाठी ऑफिसला पुण्याला जायचं होतं. सकाळीच मावशी फडक्यात बांधलेली शिदोरी घेऊन आली.

"हे तिला पोचव. पुन्याच्या पुढंच समुद्र हाय ना. कडू घास द्यायला बिचारीला कुनी न्हाई, म्हनून भाकरी थापल्या अन् पिठलं केलं."

फडकं गरम लागत होतं. आता हसू येईना. मी आत गेले आणि कादंबरी आणून तिच्या हातात दिली. तिने मुखपृष्ठावरच्या लाटा पाहिल्या, मागची बाजू पाहिली.

"ही?"

"हो मावशी."

"म्हंजी बाई न्हाईच?"

"नाही."

"अन् जनावर?"

"तेही नाही."

मावशी खुर्चीवर बसली. जनावराचं तिला जास्त वाईट वाटलेलं दिसलं. मग ती आईकडे वळली. "मी गुडघं टेकलं तिच्यासाठी. माझं दुखरं गुडघं. तू शिकलेली, तुला ठावं हुतं. मला का येड्यात काढलंस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने चष्मा काढला. "खोटं काय सांगितलं मी?" ती म्हणाली. "बाईचा नवरा गेला. घरात एकटी असते. कुणाला काही सांगत नाही. समुद्र सोडला, तर सगळं खरं आहे."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग उठून खाटेवर तिच्या शेजारी बसली, फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि पिठल्यात बुडवली.

"आ कर."

"अगं, मी आत्ताच चहा घेतलाय."

"आ कर म्हनते. न्हाई तर पाळकसाहेबांस्नी सांगते, ती बाई कोन हाय ते."

आईने आ केला. चावता चावता तिच्या डोळ्यांना धार लागली. मी घाबरले. "आई, डोळे. डॉक्टरांनी पाणी..."

"त्यांनी बाहेरचं पानी सांगितलं हुतं," मावशी म्हणाली आणि पदर पुढे केला. तो पिठाने भरला होता. मी मध्ये पडून स्वच्छ कापूस दिला.

आईने घास गिळला. मग म्हणाली, "लसूण कमी पडलाय. ह्यांनी ताट सरकवलं असतं."

"सरकवलंच असतं," मावशी म्हणाली, आणि तिने दुसरा घास मोडला.